कागदावर ‘कंपोझिट’ दिसलं, तर काय विचाराल?

दातांच्या दवाखान्यातलं दरपत्रक, बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र, गॅस एजन्सीतला फलक, दुकानाचं बिल, मुलांचं गणिताचं पुस्तक. या सगळ्या ठिकाणी ‘कंपोझिट’ हे विशेषण भेटतं आणि दर ठिकाणी त्याचा अर्थ वेगळाच वाटतो. ‘कंपोझिट लोन म्हणजे दोन कर्जं का?’, ‘कंपोझिट फिलिंग म्हणजे सिमेंटच ना?’, ‘दुकानदार म्हणतो मी कंपोझिटमध्ये आहे, मग जीएसटी द्यायचा की नाही?’ हे प्रश्न वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. ते विचारलेच पाहिजेत. पैशांचा किंवा तब्येतीचा निर्णय या एका शब्दापाशी अडलेला असतो आणि समोरचा माणूस तो न उलगडताच सहीसाठी कागद पुढे सरकवतो.

आधी अर्थ, कामापुरता

दोन किंवा अधिक वेगळे घटक मिळून जी वस्तू एक म्हणून वावरते, ती कंपोझिट. घटक आपापली ओळख राखून असतात, पण काम एकत्र करतात. झेंडूचं फूल हातात घेऊन बघा. आपण जिला पाकळी म्हणतो ती एकेक ओढून काढली, तर तिच्या बुडाशी बारीक काळं बी सापडतं. म्हणजे ती प्रत्येक ‘पाकळी’ स्वतंत्र फूल असते आणि आपण तोरणात ओवतो तो अशा अनेक फुलांचा गुच्छ असतो. झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांच्या कुळाला वनस्पतिशास्त्रात पूर्वी ‘कंपोझिटी’ म्हणत, ते याचमुळे.

एवढा अर्थ पुरतो. मात्र हा शब्द फक्त ‘घटक एकाहून जास्त आहेत’ इतकंच सांगतो. ते कोणते, किती आणि त्यांत मुख्य कोण, यावर तो गप्प असतो. म्हणून कागदावर हा शब्द दिसला की तीन गोष्टी विचारायच्या:

- यात काय काय धरलंय?
- त्यातलं मुख्य काय? दर, व्याज किंवा नियम कुणाचा लागणार?
- एखादा भाग नको असेल, तर तो सुटा करता येतो का?

पुढची सगळी उदाहरणं याच तीन प्रश्नांनी सोडवता येतात.

‘मी कंपोझिटमध्ये आहे’ म्हणणारा दुकानदार

सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे. दुकानदाराला म्हणायचं असतं ‘कंपोझिशन’. जीएसटी कायद्यात लहान व्यापाऱ्यांसाठी ही सोपी योजना आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात वर्षाला दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला व्यापारी किंवा उत्पादक तिच्यात जाऊ शकतो. प्रत्येक बिलावर कर लावून त्याचा हिशेब ठेवण्याऐवजी तो उलाढालीवर ठरावीक टक्का सरकारला भरतो. व्यापारी आणि उत्पादकांना हा दर १ टक्का आहे, दारू न देणाऱ्या उपाहारगृहांना ५ टक्के. सेवा देणाऱ्यांसाठी वेगळी मर्यादा आहे, ५० लाखांची, आणि दर ६ टक्के.

ग्राहक म्हणून तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. हा टक्का दुकानदारानं स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. तो तुमच्याकडून जीएसटी घेऊ शकत नाही. कायद्यानं त्याच्यावर घातलेली बंधनं अशी:

- त्याच्या बिलाला ‘टॅक्स इनव्हॉइस’ म्हणत नाहीत, ‘बिल ऑफ सप्लाय’ म्हणतात. त्यात कराची वेगळी ओळ असता कामा नये.
- आपण कंपोझिशन करदाता आहोत आणि कर वसूल करण्यास पात्र नाही, हे त्यानं बिलावर लिहिलं पाहिजे.
- दुकानात ठळक जागी तसा फलक लावला पाहिजे.

शंका आली तर बिलावरचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये टाका. त्यासाठी लॉगिन लागत नाही. करदात्याचा प्रकार ‘रेग्युलर’ की ‘कंपोझिशन’, हे तिथे लिहून येतं. प्रकार कंपोझिशनचा आणि बिलात मात्र पाच किंवा अठरा टक्के लावलेले, असं असेल तर ते पैसे परत मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आधी दुकानदाराशी शांतपणे बोला. पुष्कळदा बिलाचं सॉफ्टवेअर तसंच राहिलेलं असतं. त्यानं दाद दिली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि बिल जपून ठेवा.

वेष्टनावर एमआरपी छापलेल्या वस्तूवर कोणताच दुकानदार वरून कर लावू शकत नाही, मग तो कंपोझिशनमध्ये असो वा नसो. एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात.

दिवाळीची भेटपेटी: कंपोझिट की मिक्स्ड?

हा भाग बचत गट, घरगुती उद्योग आणि कंपन्यांना भेटपेट्या पुरवणाऱ्यांसाठी. ग्राहकांनीही वाचला तर किमतीचं गणित कळेल.

‘कंपोझिट सप्लाय’ आणि ‘मिक्स्ड सप्लाय’ या जीएसटी कायद्यातल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते.

व्यवहारात ज्या गोष्टी स्वाभाविकपणे एकत्रच दिल्या जातात, त्यांतली एक मुख्य असते आणि बाकीच्या तिच्यामागून येतात, तो पुरवठा कंपोझिट. माल, त्याचं पॅकिंग, वाहतूक आणि विमा हे याचं सरळ उदाहरण. माल मुख्य, म्हणून मालाचाच दर सगळ्याला लागतो.

सुट्या सहज विकता येतील अशा वस्तू मुद्दाम एका पेटीत घालून एकाच किमतीला दिल्या, तर तो पुरवठा मिक्स्ड. त्यात ज्या वस्तूचा दर सर्वांत जास्त, तोच दर अख्ख्या पेटीला लागतो.

आता आकडे मांडून बघू. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुकामेवा आणि चॉकलेट यांवर ५ टक्के, तर साखर घातलेल्या सोडायुक्त शीतपेयांवर ४० टक्के कर आहे. समजा पेटीत ६०० रुपयांचा सुकामेवा, ३०० रुपयांची चॉकलेटं आणि १०० रुपयांची शीतपेयाची बाटली आहे. ‘दिवाळी पेटी १,००० रुपये’ अशी एकच किंमत लावली, तर सगळ्या हजारावर ४० टक्के, म्हणजे ४०० रुपये कर होतो. तीनही वस्तू बिलात सुट्या दाखवून, सुट्या किमतीनं विकल्या तर ३० अधिक १५ अधिक ४०, म्हणजे ८५ रुपये. शंभर रुपयांच्या एका बाटलीपायी ३१५ रुपयांचा फरक.

त्यामुळे मार्ग दोनच. जास्त दराची वस्तू पेटीत घालूच नका, किंवा वस्तू खरोखर सुट्या किमतीनं विका. पहिला मार्ग जास्त सुरक्षित आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मागाहून बिलात नुसत्या ओळी वाढवल्या आणि विक्री प्रत्यक्षात एकाच किमतीला झाली, तर ते टिकेलच असं नाही. राज्यातल्या राज्यात फक्त वस्तू विकणाऱ्या आणि वर्षाला ४० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या गटाला सहसा नोंदणीच लागत नाही, तेव्हा त्यांनी याची धास्ती घेण्याचं कारण नाही. पण माल घेणारी कंपनी कराचं बिल मागू लागली की हा प्रश्न उभा राहतोच.

रुग्णालयाचं बिल

इथे ‘कंपोझिट’ हा शब्द बिलावर दिसत नाही, पण तो तुमच्या बाजूनं काम करत असतो. दाखल रुग्णाला डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यानं दिलेलं जेवण हा आरोग्यसेवेचाच भाग आहे आणि त्यावर वेगळा जीएसटी लागत नाही, असा खुलासा केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळानं २०१८ साली परिपत्रकानं केला आहे. सोबत राहिलेल्या नातेवाइकांच्या जेवणाला मात्र ही सवलत नाही.

खोलीभाड्याचा नियम निराळा आहे. जुलै २०२२ पासून अतिदक्षता विभाग वगळता, दिवसाला ५,००० रुपयांहून जास्त भाड्याच्या खोलीवर ५ टक्के कर आहे. बिल हातात आल्यावर ‘डाएट चार्जेस’च्या ओळीपुढे कर लावलाय का, एवढं जरूर बघा. घाईच्या वेळी ते कुणाच्या लक्षात येत नाही. डिस्चार्जच्या गडबडीत जमलं नाही, तर नंतर लेखी अर्ज देऊन विचारा.

प्लॉट आणि बांधकाम: कंपोझिट लोन

प्लॉट घेण्यासाठी आणि त्यावर घर बांधण्यासाठी मिळून एकच कर्ज, म्हणजे कंपोझिट लोन. एक अर्ज, एक करार, एक गहाणखत. पैसे मात्र एकदम हातात पडत नाहीत. आधी प्लॉटची रक्कम विक्रेत्याकडे जाते. मग जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा अशा टप्प्यांनी, आर्किटेक्ट किंवा बँकेच्या अभियंत्याच्या दाखल्यावर, बांधकामाचा पैसा सुटतो.

नुसत्या प्लॉटच्या कर्जापेक्षा याचा व्याजदर सहसा कमी असतो. पण ती सवलत घर बांधण्याच्या अटीवर मिळालेली असते आणि फसगत होते ती इथेच. अनेकजण प्लॉट घेतात, मग मुलांचं शिक्षण, एखादं आजारपण मध्ये येतं आणि बांधकाम लांबतं. करारातली मुदत टळली की बँक कर्जाला प्लॉटकर्ज धरून वाढीव दर लावू शकते.

सही करण्याआधी हे लेखी मागा:

- मंजूर रकमेत प्लॉटचा वाटा किती आणि बांधकामाचा किती.
- बांधकाम कधीपर्यंत सुरू करायचं, कधीपर्यंत पूर्ण करायचं आणि मुदत हुकली तर दर किती होणार.
- पूर्ण हप्ता केव्हा सुरू होतो. तोवर सुटलेल्या रकमेवर नुसतं व्याज भरायचं असेल, तर त्या काळात मुद्दल जराही कमी होत नाही.
- मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी कर्जात धरली आहे का. बहुतेकदा ती तुम्हालाच उभी करावी लागते.

प्लॉट बिगरशेती, म्हणजे एनए, आहे का आणि तिथे बांधकाम परवानगी मिळते का, हे बँकेच्या वकिलावर सोपवून बसू नका. सातबारा किंवा मिळकत पत्रिका स्वतः काढून वाचा.

१ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं रिझर्व्ह बँकेनं सक्तीचं केलंय. त्यात वार्षिक एकूण खर्चाचा दर आणि सगळी शुल्कं एका ठिकाणी असतात. ते तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळालं पाहिजे, म्हणून मराठीत हवं असेल तर तसं बिनदिक्कत सांगा. बदलत्या व्याजदराचं वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडलं, तर बँक दंड आकारू शकत नाही, हाही तुमचा हक्क.

प्राप्तिकराबाबत एकच सांगते. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांना व्याजाची वजावट मिळते ती घर पूर्ण झाल्यावर. राहत्या घरासाठीच्या दोन लाखांच्या मर्यादेचा लाभ हवा असेल, तर कर्ज घेतलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत बांधकाम पुरं व्हावं लागतं. नाहीतर मर्यादा ३० हजारांवर येते. नव्या प्रणालीत राहत्या घरासाठी ही वजावट नाहीच.

दातातलं ‘सिमेंट’ आणि कंपोझिट

आपल्याकडे दात भरण्याचे दोनच प्रकार बोलले जातात, ‘चांदी’ आणि ‘सिमेंट’. दातांचे डॉक्टर मात्र तीन पदार्थ डोळ्यांपुढे ठेवून बोलत असतात, आणि प्रत्येकाची किंमत आणि आयुष्य वेगळं आहे.

चांदी म्हणजे अमाल्गम. त्यात जवळपास निम्मा पारा असतो आणि उरलेल्यात चांदी, कथील, तांबं. ते टिकाऊ असतं आणि थोड्या ओलसर जागीही बसतं. पण दिसतं काळपट. पाऱ्याचा वापर घटवण्याच्या २०१३ च्या मिनामाटा करारानंतर त्याचा वापर जगभर कमी होत चाललाय. जुनी चांदी धड असेल, तर ती केवळ भीतीपोटी उकरून काढू नका. काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते आणि दातही आणखी कोरला जातो.

खरं सिमेंट म्हणजे ग्लास आयोनोमर. ते दाताला फ्लोराइड देत राहतं, म्हणून मुलांच्या दुधाच्या दातांना किंवा हिरडीलगतच्या किडीला उपयोगी पडतं. चावण्याचा मोठा दाब मात्र ते तितकासा सोसत नाही.

कंपोझिट म्हणजे राळेसारख्या रेझिनमध्ये काचेचे, सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मिसळून केलेला पदार्थ. रेझिनमुळे तो दाताला चिकटतो, कणांमुळे घट्ट होतो, आणि रंग दातासारखाच निवडता येतो. निळ्या प्रकाशाचा दिवा धरून तो जागच्या जागी कडक करतात. खड्डा खोल असेल, तर थर देऊन प्रत्येक थर वेगळा कडक करावा लागतो. डॉक्टर वेळ घेतात आणि पैसेही जास्त लागतात, ते म्हणून. काम चालू असताना जागा कोरडी राहिली पाहिजे. लाळ किंवा हिरडीचं रक्त लागलं, तर पकड कच्ची राहते.

तेव्हा डॉक्टरांना विचारा: कीड हिरडीच्या खाली गेलीय का? दाताची भिंत किती उरलीय? एवढा मोठा खड्डा कंपोझिटवर तग धरेल की कॅप लागेल? दरपत्रकात ‘व्हाइट फिलिंग’ लिहिलं असेल, तर ते कंपोझिट की ग्लास आयोनोमर, हेही विचारा. रंग दोघांचा पांढरटच असतो. आणि चहा, हळद, तंबाखू यांनी कंपोझिटवर डाग पडतात, हे आधीच माहीत असू द्या. समोरच्या दातांसाठी तर हे फार महत्त्वाचं.

कंपोझिट गॅस सिलिंडर

इंडियन ऑइलनं २०२१ साली बाजारात आणलेला हा सिलिंडर तीन थरांचा आहे. आत प्लास्टिकची टाकी, तिच्यावर काचतंतू आणि पॉलिमरचं वेढण, बाहेर प्लास्टिकचं कवच. पोलादी सिलिंडरच्या निम्म्यानं हलका, गंज नाही, ओट्याखाली लोखंडी डाग नाही. उजेडात धरला की आतली गॅसची पातळी दिसते. ज्येष्ठांना किंवा लिफ्ट नसलेल्या घरांना हा खरोखर सोयीचा आहे.

फक्त त्यात गॅस १० किलो किंवा ५ किलो असतो, नेहमीच्या घरगुती सिलिंडरसारखा १४.२ किलो नाही. म्हणजे नोंदणी लवकर लवकर करावी लागणार. अनामत रक्कमही जास्त आहे. पोलादी सिलिंडर परत करून अनामतीतला फरक भरून बदल करून मिळतो. आपल्या एजन्सीत तो आहे का, हे आधी विचारा. घरी आलेला सिलिंडर, कुठलाही असो, वजन करून मागणं हा तुमचा हक्क आहे.

शेततळ्यातली मिश्र मत्स्यशेती

कागदावर ‘कंपोझिट फिश कल्चर’ लिहिलेलं असतं, ते हेच. कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. यांना जोड चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस या माशांची. सहाजण एकाच पाण्यात, पण एकमेकांच्या ताटात फारसे हात न घालता वाढतात. एक ताकीद. प्लास्टिकचं अस्तर असलेल्या तळ्यात चिखल नसतो आणि पाणवनस्पतीही नसतात. तिथे तळाशी खाणारे मासे आणि गवत्या पुस्तकातल्या प्रमाणात सोडले, तर त्यांना बाहेरून खाद्य आणि हिरवा चारा द्यावाच लागेल.

मत्स्यजिरे घेण्यापेक्षा बोटुकली घ्या, मरतूक कमी होते. साधारण हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकली सोडतात. ३० बाय ३० मीटरच्या तळ्याला ती ४५० ते ९०० होतात. विक्रेता ‘मिक्स’ म्हणून पिशवी देत असेल, तर जातवार मोजून मागा. त्यात तिलापिया आला, तर तो भराभर पिल्लं घालतो आणि बाकीच्यांचं खाद्य खातो.

लिहिताना, भाषांतर करताना

विद्यार्थी आणि भाषांतर करणारे विचारतात, मराठी प्रतिशब्द कोणता? एकच नाही. रूढ आहे तो वापरा:

- गणितात संयुक्त संख्या: ४, ६, ८, ९ अशा. १ ही ना मूळ, ना संयुक्त.
- राज्यघटनेच्या मूलभूत कर्तव्यांत संमिश्र संस्कृती.
- अनेक निकषांवरून काढलेल्या निर्देशांकाला संमिश्र निर्देशांक. मानव विकास निर्देशांक असाच, आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न मिळून.

शेजारच्या शब्दांशी गफलत करू नका. ‘कंपाउंड’ हा वेगळा शब्द. व्याजात तो चक्रवाढ होतो, रसायनात संयुग आणि व्याकरणात संयुक्त वाक्य. ‘कॉम्प्लेक्स’ वाक्याला मराठीत मिश्र वाक्य म्हणतात, पण ‘कॉम्प्लेक्स’ संख्या मात्र संमिश्र संख्या. आणि ‘कंपोज्ड’ माणूस म्हणजे शांत, स्थिरचित्त माणूस. नोकरीच्या अर्जात स्वतःचं असं वर्णन करायचं असेल, तर तिथे ‘कंपोझिट’ लिहू नका.

उच्चाराची काळजी नको. ब्रिटिश पहिल्या अक्षरावर जोर देतात, अमेरिकन दुसऱ्या. आपल्याकडे कंपोझिट आणि कॉम्पोझिट दोन्ही चालतात. करारात किंवा दरपत्रकात मात्र नुसतं विशेषण ठेवू नका, त्यापुढे घटक लिहून घ्या: ‘प्लॉट १५ लाख आणि बांधकाम २५ लाख मिळून कर्ज’, ‘मजुरी आणि साहित्य मिळून दर’.